ख्रिस्ती कथावाचन (मुंबई)

ख्रिस्ती श्रद्धेतून लिहिलेल्या कथा, कादंबऱ्या, आत्मचरित्रे, संतचरित्रे आणि मननाची पुस्तके करमणुकीसाठी व आत्मिक वाढीसाठी वाचण्याचा प्रघात. ‘आत्मिक वाढ’ हा मराठी ख्रिस्ती मंडळींच्या रोजच्या बोलण्यातला शब्द आहे. प्रार्थनासभेत, संडेस्कूलमध्ये, पाळकसाहेबांच्या प्रवचनात तो सतत कानावर पडतो. ‘करमणूक’ हा शब्द मात्र त्याच्या शेजारी जरा अवघडूनच बसतो. गोष्टीचे पुस्तक हातात घेतले की ‘यातून काय घेतलंस?’ हा प्रश्न घरातले कोणीतरी मोठे माणूस विचारणारच, असे गृहीत धरून इथले वाचक वाढले आहेत.

बायबल आणि ‘उपासना संगीत’ हे गीतपुस्तक या वाचनात धरले जात नाही, कारण ते उपासनेचे साहित्य. इंग्रजीत ‘ख्रिश्चन फिक्शन’ हा बाजाराने ठरवलेला स्वतंत्र कप्पा आहे. कॅनेडियन लेखिका जॅनेट ओक यांच्या १९७९ सालच्या कादंबरीपासून त्याचा आजचा अवतार सुरू झाला असे साधारणपणे मानतात. शिवीगाळ नाही, शय्यागृहातली दृश्ये नाहीत, नायक-नायिकेच्या श्रद्धेवर एक मोठे संकट आणि त्यातून परतीची वाट, असा त्याचा साचा. मराठीत असा कप्पा कधी पडला नाही. मराठी ख्रिस्ती घरातल्या फळीवर कादंबरीशेजारी आत्मचरित्र, त्याशेजारी अभंग आणि मधेच एखादी चार पानांची पत्रिका, असे सगळे एकत्र नांदते. त्यामुळे इथे ‘कथा’ हा शब्द सैल अर्थाने घ्यावा लागतो.

या वाचनाची मुळे मुंबईबाहेर, गोव्यात आहेत. १५७९ मध्ये गोव्यात आलेले इंग्रज येशूसंघीय (जेझुइट) फादर थॉमस स्टीफन्स यांनी बायबलमधली कथा सुमारे अकरा हजार ओव्यांत सांगितली आणि ते ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये रायतूर येथे छापले गेले. नव्याने ख्रिस्ती झालेल्यांची पुराणे सुटली होती, पण पुराण ऐकण्याची सवय काही सुटली नव्हती. स्टीफन्स यांनी ती सवय मोडण्याऐवजी तिच्यातच आपली कथा घातली. मात्र हा ग्रंथ रोमन लिपीत होता. देवनागरी वाचणाऱ्या मराठी माणसाच्या हाती तो पुस्तकरूपाने आला तो १९५६ मध्ये, शांताराम बंडेलू यांच्या आवृत्तीमुळे. शाळेच्या पुस्तकातली मराठी भाषेची स्तुती पाठ असलेल्या कित्येकांना ती एका ख्रिस्ती पुराणातली आहे याचा पत्ता नसतो.

मुंबईचा भाग सुरू होतो तो छापखान्यापासून. १८१३ मध्ये गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट हे अमेरिकन मिशनरी मुंबईत उतरले. थोड्याच वर्षांत त्यांच्या मिशनचा छापखाना चालू झाला. या छापखान्यात टॉमस ग्रॅहॅम यांनी देवनागरीचे सुबक खिळे (छपाईचे टाइप) पाडले, आणि तिथेच काम शिकलेल्या गणपत कृष्णाजी व जावजी दादाजी यांनी पुढे पंचांगे आणि पोथ्या छापून नाव काढले. १८२७ मध्ये मुंबईत ट्रॅक्ट अँड बुक सोसायटी निघाली. चोपडी स्वस्त, भाषा सोपी आणि शेवटी उपदेश, हे तिचे धोरण. १८४१ मध्ये हरि केशवजी यांनी इंग्रज लेखक जॉन बन्यनच्या ‘पिलग्रिम्स प्रोग्रेस’ या रूपककथेचे ‘यात्रिकक्रमण’ या नावाने भाषांतर केले. पाठीवर पापाचे ओझे घेतलेला एक माणूस घर सोडून निघतो आणि वाटेत चिखल, डोंगर, बाजार, तुरुंग ओलांडत स्वर्गीय नगराला पोचतो. ज्या समाजात वारी आणि तीर्थयात्रा अंगवळणी पडलेल्या होत्या, तिथे ही गोष्ट परकी वाटण्याचे काही कारण नव्हते.

यानंतर सोळा वर्षांनी आलेले ‘यमुनापर्यटन’ हे या नोंदीतले सर्वांत महत्त्वाचे पुस्तक. बाबा पदमनजी (१८३१–१९०६) मूळचे बेळगावचे. शिक्षण बेळगावात व मुंबईत, बाप्तिस्मा १८५४ मध्ये बेळगावी, उत्तरायुष्य आणि मृत्यू मुंबईत. पुस्तकाचे पूर्ण नाव ‘यमुनापर्यटन अथवा हिंदुस्थानातील विधवांच्या स्थितीचे निरूपण’. शिकलेली यमुना आणि तिचा नवरा विनायक प्रवासाला निघतात. गावोगाव त्यांना विधवा भेटतात, कोणी केशवपनाच्या धास्तीने गांजलेली, कोणी घरच्यांच्या जाचाने. पुढे विनायक मरतो आणि इतका वेळ पाहुण्यासारखी सगळे पाहणारी यमुना स्वतःच त्या रांगेत जाऊन उभी राहते. अखेर ती ख्रिस्ती होते व पुनर्विवाह करते. विधवाविवाहाचा कायदा १८५६ चा आणि पुस्तक १८५७ चे, म्हणजे विषय अगदी ताजा होता.

हिला मराठीतली पहिली कादंबरी म्हणावे की नाही यावर बरीच शाई खर्ची पडली आहे. धर्मप्रसाराचा हेतू उघड असल्यामुळे अनेक समीक्षकांनी पहिलेपणाचा मान लक्ष्मण मोरेश्वरशास्त्री हळबे यांच्या ‘मुक्तामाला’ला (१८६१) दिला. हा आक्षेप फारसा टिकत नाही. हेतू असल्याने कादंबरीचे कादंबरीपण जात असेल, तर एकोणिसाव्या शतकातल्या निम्म्या मराठी कादंबऱ्या बाद कराव्या लागतील. खरी मेख शीर्षकातल्या ‘निरूपण’ या शब्दात आहे. हा शब्द कीर्तनातला. कीर्तनकार पूर्वरंगात निरूपण करतो आणि उत्तररंगात आख्यान लावतो. पदमनजींनी आख्यान लिहिले आणि पुस्तकाला नाव दिले निरूपणाचे. नुसती गोष्ट सांगतो आहे असे म्हणायला त्यांचे मन धजले नसावे. मराठी ख्रिस्ती वाचकही तेव्हापासून कल्पित कथेकडे असाच किंचित संकोचाने पाहत आला आहे.

या संकोचाचे एक कारण ‘साक्ष’. प्रार्थनासभेत कोणीतरी उठून, देवाने आपल्याला व्यसनातून, आजारातून किंवा निराशेतून कसे बाहेर काढले ते सांगते. ती साक्ष. तिचे वजन असते ते ती घडलेली असते म्हणून. साक्ष ऐकायला सरावलेला कान कादंबरी वाचतानाही विचारतो, ‘हे खरं घडलंय का?’ आणि उत्तर ‘नाही’ आले की थोडा हिरमुसतो. गंमत अशी की ज्याच्यावर ही सारी श्रद्धा उभी आहे तो येशू मुख्यतः दाखल्यांतून, म्हणजे रचलेल्या गोष्टींतूनच शिकवत असे. अशाच एका दाखल्यातल्या उधळ्या पुत्राचे गाव कोणते होते, हे आजवर कोणी विचारलेले नाही.

त्यामुळे मुंबईतल्या मराठी ख्रिस्ती वाचनाचा मुख्य प्रवाह कादंबरीकडून आत्मचरित्राकडे वळला. पदमनजींनी स्वतःच ‘अरुणोदय’ (१८८८) हे धर्मांतरापर्यंतचे आत्मवृत्त लिहिले. लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’ने (चार भाग, १९३४–३७) तर हा प्रश्नच निकालात काढला. त्यात घडलेले सारे आहे आणि रंगत कादंबरीला लाजवील अशी. त्यांचे पती, कवी नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाई त्यानंतर पाचेक वर्षांनी ख्रिस्ती झाल्या. मधल्या काळातली ताटातूट, सोवळ्याओवळ्याचा पगडा आणि जातिभेद देवाने केला की माणसाने हा त्यांचा स्वतःशीच चाललेला वाद हा पुस्तकाचा गाभा. उपदेशाचा मोह त्या जवळजवळ प्रत्येक वेळी एखाद्या फजितीच्या किश्शाने मोडून काढतात. टिळकांच्या विक्षिप्तपणावर त्या जितक्या हसतात तितक्याच स्वतःच्या भाबडेपणावरही. ख्रिस्ती घरांत हे पुस्तक श्रद्धेच्या प्रवासासाठी वाचतात आणि बाकीचे मराठी वाचक विनोदासाठी, अशी ढोबळ वाटणी करता येते. ती फार काळ टिकत नाही, कारण वाचता वाचता दोघेही एकमेकांच्या बाजूला गेलेले असतात. टिळकांनी सुरू केलेले ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्यही लक्ष्मीबाईंनीच पुरे केले, पण वाचकांचे प्रेम त्याच्या वाट्याला ‘स्मृतिचित्रे’च्या मानाने कमीच आले.

नियतकालिकांनी हे वाचन घरोघर नेले. १८४२ मध्ये अहमदनगरला निघालेला ‘ज्ञानोदय’ पुढे मुंबईतून चालला. मुलांसाठी अमेरिकन मिशनचा ‘बालबोधमेवा’ होता. कॅथलिकांचे ‘निरोप्या’ १९०३ पासूनचे, आणि वसईचे ‘सुवार्ता’ फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या संपादकत्वाखाली (१९८३–२००७) चर्चच्या वर्तुळाबाहेर वाचले जाऊ लागले. दिब्रिटो यांचे ‘सुबोध बायबल’ अनेक ख्रिस्तेतर मराठी घरांत पोचले. २०२० मध्ये उस्मानाबादच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले.

मुंबईतला मराठी ख्रिस्ती वाचक एकसाची नाही. भायखळा, परळ, गिरगाव या भागांतली प्रॉटेस्टंट कुटुंबे बरीचशी नगर-जालन्याकडून आलेली. त्यांच्या घरी टिळक पाठ असतात. वांद्रे, कुर्ला, गोराई, उत्तनची ईस्ट इंडियन मंडळी कॅथलिक. घरात मराठीचीच बोली, पण ‘ईस्ट इंडियन’ हे नाव १८८७ पासूनचे, इंग्रजी राजवटीत स्वतःच निवडलेले. त्यांचे छापील वाचन लवकरच इंग्रजीकडे गेले. वसई-विरारहून रोज लोकलने येणारे कॅथलिक मात्र मराठी वाचनाला चिकटून राहिले आणि त्यांच्यातून मराठी लेखकही निपजले. २०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात ख्रिस्ती लोक एक टक्क्याहून किंचित कमी, सुमारे १०.८ लाख, आणि त्यांतही मराठी वाचणारे थोडेच. एवढ्याशा वाचकवर्गावर कादंबरीचा धंदा चालत नाही. मिशनचे पैसे आटले तशी मराठी ख्रिस्ती कादंबरीही आटली.

ही पोकळी भाषांतरांनी आणि इंग्रजी पुस्तकांनी भरली. वांद्र्यात सेंट पॉल्सचे आणि वॉटरफील्ड रोडवर पॉलिन भगिनींचे दुकान आहे. अशा दुकानांत जपमाळा आणि मेणबत्त्या ओलांडून पुस्तकांपर्यंत जावे लागते. संतचरित्रे, मननाच्या पुस्तिका, मुलांसाठी चित्रमय बायबलकथा यांना तिथे बाराही महिने गिऱ्हाईक. सप्टेंबरात माउंट मेरीच्या जत्रेला आलेली माणसे मेणाचा हात किंवा पाय वाहून परतताना एखादी चोपडी पिशवीत टाकतात. इंग्रजी ख्रिस्ती कादंबऱ्या फोर्टच्या पदपथावर जुन्या पुस्तकांच्या ढिगातही सापडतात. त्यांत जगाच्या अंताची भाकिते रंगवणारी ‘लेफ्ट बिहाइंड’ (१९९५ पासून, एकूण सोळा भाग) ही मालिका ठळक. श्रद्धावंत अचानक उचलले जातात आणि बाकीचे मागे राहतात, ही त्यातली कल्पना विशिष्ट इव्हँजेलिकल पंथांची आहे, कॅथलिक शिकवणीतली नव्हे. मुंबईत मात्र एकाच इमारतीतल्या दोन शेजारणी पुस्तके बदलून वाचतात, तेव्हा असली सीमारेषा पाहायला कोणी थांबत नाही.

मराठी भाषांतरांची भाषा हे वेगळेच दुखणे. ‘प्रभूने माझ्या मनावर ओझे ठेवले’, ‘मी आशीर्वादित झालो’, ‘प्रभूने माझ्याशी बोलले’ ही वाक्ये मंडळीत वाढलेल्यांना घरची वाटतात, कारण प्रवचनांतून ती रुळली आहेत. बाहेरचा मराठी वाचक तिथेच अडखळतो. पदमनजी आणि लक्ष्मीबाई यांना हा अडथळा आला नाही. ज्यांच्यासाठी लिहायचे त्यांचीच बोली त्यांच्या तोंडी होती.

वाचनाला ऋतूही आहेत. कॅथलिक घरांत ईस्टरआधीच्या उपवासकाळाचे चाळीस दिवस गोडधोड सोडण्याबरोबर एखादे संतचरित्र पुरे करण्याचा नेम असतो. नाताळाआधीच्या आगमनकाळात मुलांना गोष्टी वाचून दाखवतात. संडेस्कूलच्या परीक्षेचे बक्षीस, प्रथम ख्रिस्तप्रसाद आणि दृढीकरण हे चर्चमधले संस्कार, ही पुस्तक भेट देण्याची ठरलेली निमित्ते. पहिल्या कोऱ्या पानावर नाव, तारीख आणि बायबलमधले एक वचन लिहितात. पुष्कळदा पूर्ण वचन न लिहिता अध्याय व ओवीचा आकडाच घालतात, शोधून वाचायचे काम मुलाचे. महिला मंडळांत एक पुस्तक फिरते, जिच्याकडे पोचेल ती पेन्सिलीने ओळी अधोरेखित करून पुढे देते. चौथ्या-पाचव्या हातापर्यंत पुस्तक गेले की कोणाला काय भिडले ते त्या रेघांवरूनच समजते. लोकलच्या बायकांच्या डब्यात वाचायचे पुस्तक असेल तर त्याला बहुधा वर्तमानपत्राचे कव्हर असते. कोणी त्याचे कारण पुस्तक मळू नये असे सांगते, तर कोणी शेजारचीने उगाच प्रश्न विचारू नयेत असे. वाचनखूण म्हणून आत सापडते ती ईस्टरआधीच्या झावळ्यांच्या रविवारी मिळालेल्या पातीचा विणलेला छोटासा क्रूस, वर्षभरात वाळून पिवळा पडलेला.