हॉट पिकअप आणि वॉर्म पिकअप यांत गल्लत नको

"भाऊ, सोळा के-चा पिकअप टाकला, तरी आवाज टोचूनच राहिला ना." मागच्या गणपतीत ऑर्केस्ट्रात गिटार वाजवणाऱ्या एका पोराने मला हे सांगितलं. पिकअप म्हणजे तारांखालचा चुंबक आणि कॉइलचा भाग, जो तारेच्या कंपनाचा सिग्नल बनवून अ‍ॅम्पला देतो. त्याला जुन्या हिंदी गाण्यांसाठी गोल, भरलेला आवाज हवा होता, गायकाच्या मागे मऊ बसणारा. वॉर्म म्हणजे ऊबदार आणि हॉट म्हणजे गरम, तेव्हा हॉट पिकअप जास्तच वॉर्म असणार, असा त्याचा हिशेब. ही चूक त्याची एकट्याची नाही. आम्ही नागपूरचे बहुतेक जण पिकअप हातात न घेता, न ऐकता ऑनलाइन मागवतो, आणि स्क्रीनवर ठळक दिसतो तो एक आकडा: किलो-ओहम, म्हणजे कॉइलचा रेझिस्टन्स, बोलीत नुसतं 'के'.

हॉट पिकअप अ‍ॅम्पला जास्त व्होल्टेज देतो. कॉइलवर वेढे वाढवले किंवा चुंबक जोरदार लावला की सिग्नल मोठा होतो आणि अ‍ॅम्पचा आवाज लवकर फाटायला लागतो, म्हणजे डिस्टॉर्शन येतं. १९७२ मध्ये आलेला डिमार्झिओ कंपनीचा सुपर डिस्टॉर्शन पिकअप याच कामासाठी बनला होता, सिरॅमिक चुंबकाचा. ज्याला डिस्टॉर्शन पाहिजे त्याच्यासाठी तो उत्तमच आहे.

वॉर्म हा शब्द आवाजाच्या रंगाबद्दल आहे. ट्रेबल कुठे उतरतो, तार छेडल्यावर पहिला ठोका किती टणक लागतो, खालचे सूर किती मोकळे ऐकू येतात, हे सगळं त्यात येतं. प्रत्येक पिकअपला एक शिखर असतं, म्हणजे ज्या फ्रिक्वेन्सीला तो सगळ्यात जास्त बोलतो ती जागा. कॉइलचं इंडक्टन्स आणि केबलची कपॅसिटन्स मिळून ती जागा ठरवतात. शिखर किती उंच राहील हे बऱ्याच अंशी गिटारमधल्या पॉटवर, म्हणजे व्हॉल्यूम-टोनच्या नॉबखालच्या रेझिस्टरवर असतं. म्हणूनच हम्बकरला, म्हणजे दोन कॉइलच्या पिकअपला, सहसा ५०० के आणि सिंगल कॉइलला २५० के पॉट लावतात.

आता गल्लत का होते ते बघा, कारण तिच्यात थोडं तथ्यही आहे. वेढे वाढले की इंडक्टन्स वाढतं, शिखर खाली सरकतं आणि ट्रेबल कमी होतो. घरी एकट्याने वाजवताना हॉट पिकअप खरंच जाडजूड वाटतो. पण तो जाडपणा मधल्या सुरांचा फुगवटा असतो. बँडमध्ये नेमक्या त्याच पट्टीत गायकाचा आवाज आणि हार्मोनियम असते, त्यामुळे गिटार त्यांच्यावर चढते. नेकला, म्हणजे गिटारच्या मानेकडच्या जागी लावला तर तोच पिकअप गढूळ होतो, कॉर्डमधले सूर एकमेकांत मिसळतात. भरीव आणि गढूळ यांतला हा फरक माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा आहे. तो कानालाच कळतो, कुठल्याही आकड्यात सापडत नाही.

किलो-ओहमचा आकडा फसवतो कसा? गिब्सनच्या जुन्या पीएएफ हम्बकरमध्ये कॉइलला ४२ गेजची तार, रेझिस्टन्स साधारण ७ ते ८.५ के. बऱ्याच हॉट पिकअपमध्ये ४३ किंवा ४४ गेजची, म्हणजे आणखी बारीक तार असते. तार बारीक झाली की तेवढ्याच वेढ्यांना रेझिस्टन्स वाढतो. सोळा के म्हणजे आठ के-च्या दुप्पट जोर, असं म्हणूनच धरता येत नाही.

नागपूरकराला हे घरीच पडताळता येतं. तांब्याचा रेझिस्टन्स दर अंशाला सुमारे ०.४ टक्के वाढतो. डिसेंबरच्या पहाटे १२ अंशांत ८ के दाखवणारा पिकअप मे महिन्यात, कूलर बंद असलेल्या ४५ अंशांच्या खोलीत मल्टिमीटरवर ९ के-च्या आसपास दाखवेल. म्हणून काही तो मे महिन्यात हॉट पिकअप होत नाही.

मऊ, भरलेला आवाज हवा असेल तर मी नेकला अल्निको २ चुंबकाचा, ७ ते ८ के-चा हम्बकर सुचवेन. सेमूर डंकनचा अल्निको टू प्रो त्याच जातीचा. अल्निको ५ जास्त जोरदार, त्याचा ठोका टणक आणि खालचे सूर घट्ट. अल्निको २ थोडा सैल, आणि मला तो सैलपणाच आवडतो. पी-९०सुद्धा भरीव असतो, पण तो सिंगल कॉइल आहे. मंडपातल्या लाइटिंगजवळ ५० हर्ट्झची घरघर सुरू झाली की तो नकोसा होतो. गिब्सनचा इंजिनिअर सेथ लव्हर याने १९५५ मध्ये हम्बकरच्या पेटंटसाठी अर्ज केला तो हीच घरघर मारण्यासाठी.

खर्च करण्याआधी मात्र स्क्रूड्रायव्हर घ्या. शेवटच्या फ्रेटवर तार दाबून पिकअप तारेपासून २-३ मिलिमीटर खाली न्या. जोरदार चुंबक फार जवळ असला तर तारेला ओढतो, सस्टेन, म्हणजे सूर टिकणं, कमी होतो, सूरही हलतो. टोनचा नॉब सहा-सातवर आणून ऐका. तीनऐवजी सहा मीटरची केबल लावलीत तरी साधारण ३०० पिकोफॅरड वाढतात आणि ट्रेबलची धार बोथट होते.

त्या पोराचा सोळा के-वाला ब्रिजला, म्हणजे तारा बॉडीवर टेकतात त्या टोकाजवळ बसला होता, जिथे तारेची हालचाल सगळ्यात कमी आणि आवाज मुळातच चिरका. आम्ही तो खाली उतरवला आणि नेकचा कंपनीचा पिकअप वाजवून पाहिला. गोलाई तिथे होती, फक्त थोडी पोकळ. नेकला त्याने नंतर अल्निको २ बसवला. ब्रिजचा तसाच ठेवला आहे. विसर्जनाच्या आदल्या रात्री फर्माइशी सुरू झाल्या की स्विच खाली करतो आणि तोच वाजवतो.