"फोन नेहमीच काहीतरी विचारत असतो": बाहेरून अॅप टाकताना येणाऱ्या वॉर्निंगची पार्श्वभूमी

लग्नसराईत मावशीच्या फोनवर एक पत्रिका आली, फाईलच्या नावाच्या शेवटी एपीके, म्हणजे प्ले स्टोअरच्या बाहेरून अँड्रॉइड अॅप टाकायची फाईल. तिने उघडली, फोनने अडवलं, तिने सेटिंगमध्ये जाऊन परवानगी दिली आणि पुढे गेली. वॉर्निंग वाचली नाहीस का विचारलं तर म्हणाली, "अरे, तो फोन नेहमीच काहीतरी विचारत असतो."

ही सवय अँड्रॉइडच्याही आधीची आहे. २००४ मध्ये कॅबिर नावाचा वर्म, म्हणजे आपोआप पसरणारा व्हायरस, नोकियाच्या सिंबियन सिस्टिमवाल्या फोनवर ब्लूटूथने पसरायचा, 'फाईल घेऊ का' म्हणून फोन विचारायचा, नाही म्हटलं की पुन्हा तोच प्रश्न, शेवटी माणूस कंटाळून हो दाबायचा. नंतर सिंबियनने अॅपला सही म्हणजे सर्टिफिकेट लागेल असा नियम केला, तर आपल्याकडे पोरं काय करायची, सर्टिफिकेट एक्स्पायर्ड आलं की फोनची तारीखच मागे न्यायची आणि अॅप टाकायची. मीही केलंय.

२००८ मध्ये अँड्रॉइड आलं, त्यात 'अननोन सोर्सेस' अशी एकच टिक. ती केली की ब्राउझर असो, मेल असो, कुठूनही आलेलं अॅप चालायचं, आणि वॉर्निंगमध्ये लिहिलेलं असायचं की नुकसान झालं तर जबाबदारी तुमची. मला हे कायम खटकत आलंय, कारण धोका नक्की कशात आहे ते त्यात कुठेच नव्हतं. त्यात आपल्याकडे डेटा महाग, त्यामुळे मित्राकडून शेअरइटने नाहीतर मोबाईलच्या दुकानातून मेमरी कार्डवर अॅप घ्यायची, ती टिक एकदा झाली की कोण कशाला काढतंय.

२०१७ च्या अँड्रॉइड ओरिओ आवृत्तीमध्ये ही टिक गेली आणि ज्या अॅपमधून फाईल उघडताय त्या एकेकाला वेगळी परवानगी आली. त्याच वर्षी फोनमधली अॅप तपासणारं गुगलचं प्ले प्रोटेक्ट आलं. २०१८ मध्ये फोर्टनाइट हा गेम प्ले स्टोअरच्या बाहेरून आला, त्याच्या इन्स्टॉलरमध्येच त्रुटी सापडली, आणि २०२० मध्ये तो प्ले स्टोअरवर गेला तेव्हा तो बनवणाऱ्या एपिक कंपनीची तक्रार हीच होती की गुगलचे पॉपअप लोकांना घाबरवतात.

खरा फरक पडला तो अँड्रॉइड १३ मध्ये, २०२२ साली. बाहेरून टाकलेल्या अॅपला अॅक्सेसिबिलिटी, म्हणजे अपंगांच्या मदतीसाठी असलेली स्क्रीन वाचायची आणि बटणं दाबायची परवानगी, सहज मिळेनाशी झाली, आणि स्क्रीन वाचून बँकेचे पैसे काढणारी अॅप नेमकी हीच परवानगी मागतात. मावशीच्या त्या पत्रिकेनेही तीच मागितली. बटण करडं झालेलं, दाबूनही काही होईना, म्हणून तर तिने मला फोन केला. पुढे ऑक्टोबर २०२३ मध्ये इन्स्टॉल करतानाच कोड तपासायची सोय आली, तीही सुरुवातीला भारतातच.

आता वाद आहे तो ऑगस्ट २०२५ च्या घोषणेवरून. स्टोअरबाहेर अॅप देणाऱ्या डेव्हलपरनेही गुगलकडे ओळख पटवायची, सुरुवात सप्टेंबर २०२६ पासून ब्राझील, इंडोनेशिया, सिंगापूर, थायलंडमध्ये. एफ-ड्रॉइड हे प्ले स्टोअरबाहेरचं अॅप स्टोअर, ते २०१० पासून फुकट, ओपन सोर्स म्हणजे कोड सगळ्यांना खुला असलेली अॅप देतायत, त्यांनी याला उघड विरोध केला, आणि मला तो पटतो, कारण त्यांचं अॅप टाकतानाही फोन अडवतो तसाच, जसा मावशीच्या पत्रिकेला अडवला. नोव्हेंबर २०२५ मध्ये गुगलने जाणकारांसाठी वेगळा मार्ग ठेवू असं सांगितलं. मावशीच्या फोनवरची बाहेरून अॅप टाकायची परवानगी मात्र मी तिचा फोन आला त्याच संध्याकाळी काढून टाकली.