पुरलेल्या अस्थींची विषतपासणी

दफन केलेल्या किंवा गुपचूप पुरलेल्या मृतदेहाचा फक्त सांगाडा हाती आला, तर मृत्यूपूर्वी शरीरात औषध, अमली पदार्थ किंवा विष होते का, हे हाडे, दात, केस व नखे यांवरून शोधण्याची न्यायवैद्यक पद्धत. एरवी ही परीक्षा रक्त, लघवी आणि व्हिसेरा म्हणजे शरीरातील अंतर्गत अवयवांवर होते.

मुंबईत असे नमुने प्रामुख्याने सांताक्रूझच्या कलिना भागातील न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळेत जातात. पोलिसांच्या तोंडी ती ‘कलिना लॅब’ आणि तिचा अहवाल ‘सी.ए. (केमिकल ॲनालायझर) रिपोर्ट’. प्रेत उकरण्याचा आदेश दंडाधिकारी देतात (भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, कलम १९६, १ जुलै २०२४ पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहिता, कलम १७६). त्याला कालमर्यादा नाही.

तपासणीचे खरे यश खड्ड्याच्या काठावर ठरते. सोमल म्हणजे आर्सेनिक मातीत मुळातच असतो आणि पाण्याबरोबर हाडात झिरपतो. म्हणून प्रेताच्या वरची, खालची, बाजूची आणि थडग्यापासून दूरची अशी माती वेगवेगळ्या बरण्यांत, स्वतंत्र लेबल व सील लावून घ्यावी लागते, आणि पंचनाम्यात प्रत्येकीची जागा नोंदवावी लागते. दूरच्या मातीचा नमुना राहून गेला, तर हाडातला सोमल कुठून आला हे नंतर कोणालाच सांगता येत नाही. वास येतो म्हणून फिनेल शिंपडणे तर अक्षम्य. माती चाळताना अळ्यांचे रिकामे कोशही जपावेत. अळीने मांसाबरोबर खाल्लेले औषध त्यांत सापडू शकते. कोकणातल्या आम्लधर्मी जांभ्यात, चार महिन्यांच्या पावसाखाली, हाड स्वतःच विरघळत जाते. इथे उशीर महाग पडतो.

बरगड्या, मणके आणि कमरेचे हाड यांत रक्तपुरवठा भरपूर, म्हणून औषध तिथे अधिक मिळते. मांडीच्या हाडाची भिंत घट्ट, ती जास्त काळ टिकते. हाड खरवडून, धुऊन, वाळवून त्याची पूड करतात, मिथेनॉलसारख्या द्रावकात भिजवतात आणि गाळलेला अर्क शुद्ध करून मास स्पेक्ट्रोमीटरवर, म्हणजे रेणूंच्या वस्तुमानावरून पदार्थ ओळखणाऱ्या यंत्रावर, घेतात. झोपेच्या गोळ्यांतील बेंझोडायझेपीन, ॲमिट्रिप्टिलीनसारखी नैराश्यावरची औषधे, मॉर्फिन अशी द्रव्ये सांगाड्यांत आढळली आहेत. गर्दच्या (ब्राउन शुगरच्या) व्यसनात हेरॉइन शोधून उपयोग नसतो. शरीरात त्याचे झटपट मॉर्फिन होते. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो, त्यामुळे लांब केसाचे तुकडे तपासून व्यसन किती जुने याचा अंदाज येतो.

हाडातील प्रमाणावरून रक्तातील प्रमाण भरवशाने काढता येत नाही. कुजताना स्नायूंतला द्रवही हाडात मुरतो. अमेरिकेत न्यू जर्सीतील एका खटल्यात सुमारे दहा वर्षांनी उकरलेल्या प्रेतांत क्युरारे हे स्नायू लुळे करणारे वनस्पतिजन्य विष सापडल्याचा दावा झाला. ते इतकी वर्षे टिकते का यावरच तज्ज्ञांत जुंपली आणि १९७८ मध्ये आरोपी डॉक्टर निर्दोष सुटले. म्हणून सकारात्मक निष्कर्षाचा अर्थ ‘पदार्थ शरीरात होता’ एवढाच घ्यावा, मारक मात्रा होती असा नव्हे. नकारात्मक अहवालानेही विषप्रयोगाची शक्यता मिटत नाही, कारण अनेक कीटकनाशके मातीत लवकर विघटित होतात.