हाड कुणाचं, पक्ष्याचं की टेरोसॉरचं?

सावजी रश्श्यातल्या गावरान कोंबडीच्या पंखाचं खांद्यालगतचं हाड मोडून पाहा. आत पोकळ, भिंत पातळ. डायनासोरांच्या काळातल्या उडत्या सरीसृपांची, म्हणजे टेरोसॉरची हाडंही तशीच, आणि घोळ तिथेच आहे. अख्खा सांगाडा असला तर टेरोसॉरचं लांबलचक चौथं बोट लगेच ओळखू येतं. हाती बोटभर तुकडा आणि त्याचीही टोकं झिजलेली, मग काय करणार? इंग्लंडात आणि अमेरिकेत सापडलेले, अनुक्रमे 1844 आणि 1881 साली पक्षी म्हणून नावं दिलेले तुकडे पुढे टेरोसॉरचे ठरले.

उलटा प्रकारही घडला. जर्मनीतल्या बव्हेरियाच्या चुनखडीत सापडलेल्या काही हाडांना 1857 मध्ये टेरोसॉर समजून ‘क्रॅसिपेस’ हे जातिनाम मिळालं. 1970 मध्ये नेदरलँड्समधल्या हार्लेमच्या संग्रहालयात तीच हाडं असलेली दगडी फरशी तिरक्या उजेडात धरली तर पिसांचे पुसट ठसे दिसले. म्हणजे हा आर्किऑप्टेरिक्स, आद्य पक्षी म्हणून गाजलेला! इथून पेच सुरू झाला. आर्किऑप्टेरिक्सचं ‘लिथोग्राफिका’ हे नाव 1861 चं, आणि नियमाने जुनं नाव वरचढ. दोन्ही एकाच जातीची मानली, तर जगभरच्या पुस्तकांत छापलेलं नाव खोडावं लागलं असतं. प्राण्यांच्या नावांचा निवाडा करणाऱ्या आंतरराष्ट्रीय आयोगाने 1977 मध्ये ‘लिथोग्राफिका’च्या बाजूने कौल दिला. सोयीचा निकाल, यात वाद नाही. पण दोन्ही हाडं एकाच जातीची, हे गृहीतच कच्चं होतं. 2017 च्या फेरतपासणीत हार्लेमचा नमुना आर्किऑप्टेरिक्सच नाही, चीनमधल्या अँकिऑर्निसच्या जवळचा पिसांचा डायनासोर आहे, असं मांडलं गेलं. 1970 ची ओळख पटवणाऱ्याच्या आडनावावरून त्याला ‘ऑस्ट्रोमिया’ हे नवं नाव मिळालं. मागे सारलेलं ‘क्रॅसिपेस’ मात्र शेपटासारखं टिकलं: ऑस्ट्रोमिया क्रॅसिपेस.

(टेरोसॉरला ‘उडता डायनासोर’ म्हणायची आपल्याकडची सवय या घोळात भरच घालते. टेरोसॉर डायनासोर नव्हेत; पक्षी मात्र डायनासोरांच्याच कुळातले.)

नागपूरकरांना हे प्रकरण वाटतं तितकं लांबचं नाही. सिरोंच्याकडच्या कोटा गावावरून ज्यांना नाव पडलं, त्या ज्युरासिक खडकांतल्या जबड्याच्या एका तुकड्यावरून 1974 मध्ये टेरोसॉरची ‘इंडिकस’ ही जात जाहीर झाली. नंतरच्या अभ्यासकांनी ती संशयास्पद ठरवली. तुकडा माशाचा असावा, अशी शंकाही निघाली. शंका अगदीच हवेतली नाही. कोट्याच्या त्या खडकांत माशांचे जाड, चकचकीत खवले एकोणिसाव्या शतकापासून सापडत आलेत.