राइट-क्लिक मेनूतील स्वनिर्मित पर्याय

संगणकाच्या पडद्यावरील फाइलवर, फोल्डरवर किंवा रिकाम्या जागेवर माउसचे उजवे बटण दाबले असता जागच्या जागी जो मेनू उघडतो, त्यात वापरकर्त्याने स्वतः घातलेल्या आज्ञांना ही संज्ञा लावता येते. या मेनूला संदर्भ-मेनू असेही म्हणतात, कारण त्यातील पर्याय कोणत्या वस्तूवर क्लिक केले यावरून ठरतात. विंडोजच्या तांत्रिक परिभाषेत अशा प्रत्येक पर्यायाला ‘व्हर्ब’, म्हणजे क्रियापद, असे नाव आहे. वस्तू आधी निवडायची आणि क्रिया मागून सांगायची, हा या मेनूचा क्रम आहे. ‘पत्र छाप’, ‘फाइल उघड’ असे कर्म आधी ठेवून बोलणाऱ्या मराठी भाषकाला तो मुद्दाम शिकावा लागत नाही.

या मेनूच्या उगमाविषयी मतभेद आहेत, आणि त्यांचे मूळ बरेचसे व्याख्येत आहे. माउसच्या टोकाशी प्रकट होणारा मेनू एवढाच अर्थ घेतल्यास श्रेय पालो आल्टो येथील झेरॉक्स पार्क या संशोधन केंद्राकडे जाते. तेथील आल्टो संगणकावर चालणाऱ्या स्मॉलटॉक या प्रणालीत डॅन इंगल्स यांनी १९७० च्या दशकाच्या मध्यास असे मेनू आणले, हे मत सामान्यतः स्वीकारले जाते. मात्र स्मॉलटॉकच्या परिभाषेत माउसच्या तीन बटणांना डावे-उजवे न म्हणता तांबडे, पिवळे व निळे म्हणत. निवड तांबड्याने होई, मजकुराशी संबंधित मेनू पिवळ्याने आणि खिडकीशी संबंधित मेनू निळ्याने उघडे. आज एकाच बटणावर असलेले काम तेथे दोन बटणांत विभागलेले होते. ब्रिटनमधील एकॉर्न कंपनीच्या रिस्क ओएस या प्रणालीमध्ये (दुसरी आवृत्ती, १९८९) मधले बटण केवळ मेनूसाठी राखलेले होते. ‘उजवे बटण म्हणजे त्या वस्तूचा मेनू’ हा संकेत मेज-संगणकांवर रूढ होऊ लागला तो १९९२ च्या सुमारास. त्या वर्षीच्या आयबीएमच्या ओएस/२ या प्रणालीच्या दुसऱ्या आवृत्तीतील वर्कप्लेस शेल हा डेस्कटॉप आणि बोरलँडचा विंडोजसाठीचा क्वात्रो प्रो हा स्प्रेडशीट-प्रोग्राम ही त्याची ठळक उदाहरणे होत. ऑगस्ट १९९५ मध्ये आलेल्या विंडोज ९५ ने तो घरोघरी पोहोचवला, त्यामुळे पुष्कळ लोकप्रिय लेखनात उगमाचे श्रेयही त्यालाच दिलेले आढळते. प्रसार आणि उगम वेगळे ठेवल्यास इंगल्स यांच्या बाजूचा पुरावा अधिक वजनदार ठरतो. अ‍ॅपलने मॅकिंटॉशसाठी १९८४ पासून एकबटणी माउस ठेवला होता. त्याच्या मॅक ओएस ८ (१९९७) मध्ये कंट्रोल कळ दाबून क्लिक करण्याची सोय झाली.

स्वतःचा पर्याय घालण्याचा विंडोजमधील सर्वांत सोपा मार्ग म्हणजे ‘सेंड टू’ हा फोल्डर. ‘रन’ चौकटीत शेल:सेंडटू असे (अर्थात रोमन लिपीत) टंकून तो उघडावा आणि त्यात हव्या त्या प्रोग्रामचा किंवा फोल्डरचा शॉर्टकट टाकावा. मेनूच्या पहिल्या पातळीवर पर्याय हवा असेल, तर मात्र रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या सेटिंग्जच्या मध्यवर्ती साठ्यात, नोंद करावी लागते. एचकी क्लासेस रूट या शाखेत वस्तूच्या प्रकारानुसार कप्पे असतात : सर्व फाइलींसाठी तारकाचिन्हाचा, फोल्डरसाठी डिरेक्टरी, फोल्डरच्या आतील मोकळ्या जागेसाठी डिरेक्टरीखालील बॅकग्राउंड. त्यातील ‘शेल’ या कप्प्यात नव्या पर्यायाचा उपकप्पा करतात, त्याच्या पोटात ‘कमांड’ नावाचा आणखी एक कप्पा करतात आणि चालवायची आज्ञा त्याच्या मूळ (डीफॉल्ट) मूल्यात लिहितात. ही शाखा प्रत्यक्षात स्वतंत्र नसून, संपूर्ण यंत्राच्या आणि चालू वापरकर्त्याच्या अशा दोन ‘क्लासेस’ शाखांचे एकत्रित दर्शन आहे. दोन्हींत एकच नोंद असल्यास वापरकर्त्याची ग्राह्य धरली जाते, आणि ती करण्यास प्रशासकाचे अधिकार लागत नाहीत. स्वतःपुरता बदल करणाऱ्याने म्हणूनच तेथेच लिहिणे श्रेयस्कर आहे.

निवडलेल्या फाइलचा पत्ता आज्ञेत %1 या खुणेने येतो (हा आकडा देवनागरी चालत नाही). खुणेभोवती दुहेरी अवतरणचिन्हे घालणे आवश्यक असते. ती नसली, तर ‘लग्नपत्रिका अंतिम’ अशा नावातील मोकळ्या जागेवर पत्ता तुटतो आणि बहुतेक प्रोग्राम ‘लग्नपत्रिका’ व ‘अंतिम’ अशा दोन वेगळ्या फाइली शोधू लागतात. मोकळ्या जागेवरच्या मेनूत %1 ऐवजी %V वापरतात, कारण तेथे फाइल निवडलेली नसून केवळ चालू फोल्डर उपलब्ध असतो. ‘एक्स्टेंडेड’ नावाचे रिकामे मूल्य जोडल्यास पर्याय केवळ शिफ्ट कळ धरून क्लिक केल्यावर दिसतो. ‘पोझिशन’ या मूल्याने तो मेनूच्या वरच्या वा खालच्या टोकास नेता येतो. अनेक फाइली एकदम निवडल्यास साधी आज्ञा प्रत्येक फाइलीसाठी स्वतंत्रपणे सुरू होते, आणि पंधराहून अधिक फाइली निवडल्या की पर्याय मेनूतून नाहीसाच होतो. वीस छायाचित्रे निवडून ‘आकार लहान करा’ शोधणाऱ्याला तो बिघाड वाटतो, पण ती योजलेली मर्यादा आहे. ‘मल्टिसिलेक्टमॉडेल’ या मूल्यात ‘प्लेअर’ लिहिल्यास ती शंभरापर्यंत वाढते.

पर्यायाचे नाव मराठीत ठेवताना एक अडचण येते. रजिस्ट्रीच्या नोंदी ‘रेग’ प्रकारच्या मजकूर-फाइलीत लिहून ती चालवण्याची पद्धत आहे. अशा फाइलीचा ‘रेजएडिट४’ हा जुना साचा युनिकोड, म्हणजे देवनागरीसह सर्व लिप्यांची संकेतप्रणाली, जाणत नाही. विंडोज २००० बरोबर आलेला ५.०० हा साचा जाणतो, पण त्यासाठी फाइल यूटीएफ-१६ या युनिकोडच्या साठवण-पद्धतीत जतन केलेली असावी लागते. नोटपॅड २०१९ पासून आपणहून यूटीएफ-८ या दुसऱ्या पद्धतीत जतन करते, त्यामुळे ‘येथे टर्मिनल उघडा’ हे नाव मेनूत अगम्य चिन्हांच्या रूपात उमटते. कप्प्याचे नाव रोमन ठेवून मराठी नाव त्याच्या मूळ मूल्यात रजिस्ट्री एडिटरमधूनच टंकणे हा त्यावरचा निर्वेध उपाय होय.

पर्याय केव्हा दाखवायचा हे त्या क्षणी ठरवायचे असेल, तर स्थिर नोंद पुरत नाही. त्यासाठी ‘आयकॉन्टेक्स्टमेनू’ हा आंतरपृष्ठसंकेत (इंटरफेस) पाळणारे शेल-विस्तारक, म्हणजे मेनूत भर घालणारे प्रोग्रामचे तुकडे, लिहिले जातात. ते एक्सप्लोरर या विंडोजच्या फाइल-व्यवस्थापकाच्या प्रक्रियेत शिरून चालतात. एखादा सदोष वा मंद असला, तर क्लिक केल्यावर मेनू उघडण्याआधीच खिडकी थिजते, आणि दोष मात्र संगणकाच्या वयाला दिला जातो. विंडोज ११ (ऑक्टोबर २०२१) मध्ये पहिल्या पातळीचा मेनू आखूड करण्यात आला. त्यात स्थान मिळवण्यासाठी ‘आयएक्सप्लोररकमांड’ हा नवा संकेत आणि नोंदणीकृत अ‍ॅपची ओळख लागते, त्यामुळे रजिस्ट्रीतील साध्या नोंदी ‘शो मोअर ऑप्शन्स’ मागे गेल्या. शिफ्ट व एफ१० या कळांनी तो जुना मेनू थेट उघडता येतो.

मॅकवर हे काम नेक्स्टस्टेप या जुन्या प्रणालीकडून वारशाने आलेल्या ‘सर्व्हिसेस’ या सोयीतून होते. ऑटोमेटर (२००५) या प्रोग्रामात क्रिया एकापुढे एक मांडून सर्व्हिस तयार करता येते, आणि मॅकओएसच्या मोहावे आवृत्तीपासून (२०१८) फाइंडर या फाइल-व्यवस्थापकाच्या मेनूत अशा क्रियांना ‘क्विक अ‍ॅक्शन्स’ या नावाने जागा मिळाली. लिनक्सवर रजिस्ट्री नसल्याने सर्व काही साध्या फाइलींवर चालते, आणि पद्धत फाइल-व्यवस्थापकानुसार बदलते : केडीई या डेस्कटॉपच्या डॉल्फिनसाठी ‘सर्व्हिसमेनूज’ या फोल्डरातील मजकूर-फाइली, थुनारसाठी ‘कस्टम अ‍ॅक्शन्स’ ही चौकट, तर नॉटिलससाठी ‘स्क्रिप्ट्स’ या फोल्डरात ठेवलेला व चालवण्याची परवानगी दिलेला कोणताही प्रोग्राम. नॉटिलस निवडलेल्या फाइलींचे पत्ते एकेका ओळीवर मांडून पर्यावरण-चलातही (प्रोग्रामला सुरू होताना मिळणाऱ्या नामांकित मूल्यातही) पुरवते, म्हणून तेथे नावातील मोकळी जागा सांभाळण्याची जबाबदारी स्क्रिप्ट लिहिणाऱ्यावर येते.