मिनिमल डेबियनवर ग्राफिकल डेस्कटॉप

डेबियन ही लिनक्स प्रणाली नेट-इन्स्टॉल इमेजवरून (बाकीचे भाग इंटरनेटवरून उतरवणाऱ्या छोट्या इन्स्टॉलरवरून) बसवताना सॉफ्टवेअर निवडीच्या पानावर डेस्कटॉपवरची खूण काढली, तर संगणक सुरू झाल्यावर काळ्या पडद्यावर लॉगिनची ओळ तेवढी येते. अशा उघड्या सिस्टिमवर खिडक्या, मेनू आणि माउसचे वातावरण नंतर हाताने चढवता येते. जुन्या लॅपटॉपवर मोजकेच काही हवे असलेले लोक सहसा या वाटेने जातात.

लिनक्समध्ये डेस्कटॉप हा एकसंध भाग नसून एकमेकांवर रचलेले थर असतात. तळाशी कर्नलचा (प्रणालीच्या गाभ्याचा) ग्राफिक्स ड्रायव्हर व त्याचे फर्मवेअर, म्हणजे ग्राफिक्स चिपमध्ये भरावे लागणारे छोटे सॉफ्टवेअर, त्यावर खिडक्या पडद्यापर्यंत पोचवणारी यंत्रणा, वर खिडक्यांची मांडणी करणारा विंडो मॅनेजर व पॅनेल, आणि दारात लॉगिन विचारणारा डिस्प्ले मॅनेजर. मधल्या यंत्रणेपैकी एक्स ही १९८४ मध्ये एमआयटीत सुरू झाली. तिची अकरावी आवृत्ती १९८७ ची, आणि एक्सॉर्ग सर्व्हर हा प्रोग्राम आजही तीच चालवतो. २००८ मध्ये क्रिस्तियान होग्सबर्ग यांनी सुरू केलेले वेलँड आता तिची जागा घेत आहे. डेबियनवर ग्नोम व केडीई प्लाझ्मा हे डेस्कटॉप मुळातच वेलँडवर उघडतात.

उभारणीची सोपी वाट टास्कसेल या डेबियनच्या निवड-प्रोग्रामची: यादीतून एक्सएफसीई हा हलका डेस्कटॉप निवडायचा की झाले. पण त्यासोबत लिबरऑफिससह बरेच सामान येते, मग मिनिमल बसवून काय साधले? म्हणून अनेकजण एपीटीला, म्हणजे डेबियनच्या पॅकेजे बसवणाऱ्या साधनाला, 'शिफारस केलेली पॅकेजे नकोत' असे सांगून मोजकी पॅकेजे मागतात. यात डिस्क वाचते, पण शिफारशीत काही अत्यावश्यक गोष्टीही असतात. एक्सॉर्ग, आवाजाची व्यवस्था, पेन ड्राइव्ह आपोआप जोडणारे भाग, सूचनांचे पॅनेल हे सगळे मग आठवून मागावे लागते. लाइटडीएमसारखा डिस्प्ले मॅनेजर नसला तरी चालते; कन्सोलवर लॉगिन करून 'स्टार्टएक्स' लिहिले की डेस्कटॉप उघडतो.

नव्याने बसवणाऱ्यांना सर्वात जास्त चकवते ते नेटवर्क. टेक्स्ट इन्स्टॉलच्या वेळी कार्डाची नोंद 'इंटरफेसेस' फाइलमध्ये झालेली असते. नंतर आलेला नेटवर्क मॅनेजर त्या फाइलमधल्या कार्डाला हात लावत नाही, त्यामुळे इंटरनेट चालू असूनही पॅनेलवरचे चिन्ह ते कार्ड आपल्या ताब्यात नाही असे दाखवते. त्या ओळींपुढे हॅश (#) टाकून त्या निष्क्रिय केल्या आणि नेटवर्क मॅनेजरची सेवा पुन्हा सुरू केली की प्रश्न मिटतो. पडदा काळाच राहिला किंवा रिझोल्यूशन कमी आले, तर आधी फर्मवेअर तपासावे. २०२३ च्या डेबियन १२ पासून इन्स्टॉलरमध्येच मुक्त नसलेले फर्मवेअर दिलेले असते, त्यामुळे ही तक्रार बरीच कमी झाली. एक्सॉर्गच्या नोंदवहीत (लॉग फाइलमध्ये) (EE) अशी खूण असलेल्या ओळी चूक कुठे झाली ते सांगतात.

मराठी वापरकर्त्याला डेस्कटॉपची गरज आणखी एका कारणाने लागते: साध्या कन्सोलवर देवनागरीची जोडाक्षरे नीट जुळत नाहीत. पण शिफारशी वगळून उभारलेल्या डेस्कटॉपवरही फॉन्ट नसतील तर अक्षरांऐवजी चौकोनच दिसतात. लोहित किंवा नोटो देवनागरी हे फॉन्ट वेगळे बसवावे लागतात. इन्स्क्रिप्ट हा देवनागरी कळपाट (कीबोर्ड मांडणी) एक्सकेबी या एक्सच्या कीबोर्ड व्यवस्थेत तयार असतो, तर रोमन अक्षरांतून टाइप करणाऱ्यांना आयबस हे टंकलेखनाचे साधन आणि त्याचे एम१७एन इंजिन घ्यावे लागते.