खेळ जुळला, पण कोन जुळला का? पुशरॉडच्या लांबीची गोष्ट

ॲम्बॅसेडर किंवा कुर्ल्यात बनलेली प्रीमियर पद्मिनी ज्यांच्या घरी होती, त्यांना ‘टॅपेट सेटिंग’ हा शब्द नक्की आठवत असेल. व्हॉल्व्ह दाबून उघडणारी तरफ म्हणजे रॉकर. त्याचं टोक आणि व्हॉल्व्हचा दांडा यांच्यातल्या फटीत, म्हणजेच ‘खेळात’, फिलर गेजची पाती सरकवायची, स्क्रू हवा तेवढा फिरवायचा आणि टकटक थांबली की बॉनेट लावायचं. दोन्ही गाड्यांत कॅमशाफ्ट, म्हणजे कॅम नावाचे उंचवटे असलेला फिरता दांडा, खाली ब्लॉकमध्ये होता आणि व्हॉल्व्ह वर हेडमध्ये. कॅमची उचल वर पोचवायला मध्ये एक लांब सळई असायची. तीच पुशरॉड.

या गाड्यांत रॉकर एका पक्क्या शाफ्टवर बसलेले असल्यामुळे त्यांची उंची आधीच ठरलेली असे. शेवरोलेच्या स्मॉल-ब्लॉक व्ही-८ इंजिनात तसं नाही. हे इंजिन १९५५ साली आलं आणि २०११ पर्यंत त्याच्या कुळातल्या इंजिनांची संख्या १० कोटींवर पोचली. अमेरिकेत ते घरच्या गॅरेजमध्ये खोलून पुन्हा बांधणारे असंख्य लोक आहेत. मूळ रचनेत त्याचा प्रत्येक रॉकर आपापल्या स्टडवर, नटाखाली सुटा बसतो. पुशरॉड लांब घातला की रॉकर स्टडवर उंच बसतो, आखूड घातला की खाली. खेळ मात्र दोन्ही वेळा नट फिरवून जुळवता येतो. इंजिन सुरू होतं, आवाजही करत नाही. चुकीची लांबी लपून राहते ती यामुळेच.

नेमकं चुकतं काय? व्हॉल्व्ह सरळ रेषेत खाली-वर जातो, तर रॉकरचं टोक कंसात फिरतं. सरळ आणि गोल यांची जोडी पूर्ण जुळणं शक्यच नाही. त्यामुळे टोक व्हॉल्व्हच्या माथ्यावर थोडं घासत सरकणारच. ते किती सरकेल, एवढंच आपल्या हातात असतं.

झोपाळा डोळ्यांसमोर आणा. तळातून जाताना पाट जवळजवळ आडवाच सरकतो, उंची नावापुरती बदलते. तळाच्या दोन्ही बाजूंना थोडाथोडा झोका घेतला तर पाट फारसा वर चढत नाही. पण तेवढंच आडवं अंतर तळापासून एकाच बाजूला कापलं, तर चढ सुमारे चौपट होतो. ही आकृती काटकोनात फिरवली की रॉकर तयार: पाटाचं आडवं जाणं म्हणजे व्हॉल्व्हची उचल आणि त्याचं चढणं म्हणजे टोकाचं घासणं.

समजा, रॉकरच्या टेकूपासून टोकापर्यंतचं अंतर ३८ मिमी आहे आणि व्हॉल्व्ह १२ मिमी उघडतो. उचल निम्मी झाली असताना टेकू ते टोक ही रेषा व्हॉल्व्हच्या दांड्याशी काटकोनात असेल, तर टोक जेमतेम अर्धा मिमी सरकतं. तोच काटकोन व्हॉल्व्ह बंद असताना साधला, तर सरकणं जवळपास २ मिमी होतं. व्हॉल्व्हच्या दांड्याची जाडीच ८.७ मिमी, त्यात २ मिमी थोडे नाहीत. शिवाय हे मिनिटाला ६००० फेऱ्यांवर प्रत्येक व्हॉल्व्हपाशी दर दोन फेऱ्यांत एकदा, म्हणजे सेकंदाला ५० वेळा घडतं. दांडा प्रत्येक वेळी बाजूला रेटला जातो, तो ज्या नळीतून सरकतो ते व्हॉल्व्ह गाईड लंबवर्तुळाकार झिजतं, ऑइल ज्वलनकक्षात उतरतं आणि सायलेन्सरमधून निळा धूर येऊ लागतो.

मूळ इंजिनाचा पुशरॉड साधारण ७.८ इंचांचा, म्हणजे १९८ मिमी. मग तोच मागवला तर? काहीही बदललेलं नसेल तर चालेल. पण पुनर्बांधणीत बदल होतातच. हेडला फेसिंग मारून, म्हणजे पृष्ठभाग सपाट करताना, अर्धा मिमी काढला, तर पुशरॉड तेवढा आखूड लागतो. जास्त उचल देणाऱ्या कॅमचं मूळ वर्तुळ (उंचवटा सोडून उरलेला गोल भाग) बरेचदा लहान असतं, तिथे तो लांब लागतो. व्हॉल्व्ह बंद होताना जिथे टेकतो ती सीट खोल कापली गेली की दांड्याचा माथा वर येतो, तेव्हाही लांबच. हे सगळं एकाच इंजिनात एकदम झालेलं असू शकतं. म्हणून कॅटलॉगमधल्या आकड्यावर माझा भरवसा नाही. मोजायचं ते आपलंच इंजिन.

मोजणीसाठी लांबी बदलता येणारा पुशरॉड मिळतो. व्हॉल्व्हवर हलकी स्प्रिंग लावायची आणि कॅम आणि पुशरॉड यांच्यामधला लिफ्टर हायड्रॉलिकऐवजी भरीव घ्यायचा, नाहीतर हायड्रॉलिक लिफ्टर दबून माप फसवतो. दांड्याच्या माथ्यावर मार्कर फासायचा, खेळ जुळवायचा, क्रँक हाताने दोन पूर्ण फेरे फिरवायचा आणि रॉकर काढून पुसला गेलेला पट्टा पाहायचा. पट्टा अगदी मध्यावर यावा म्हणून लोक लांबी बदलत बसतात. मला ते पटत नाही. आधी पाहायची ती पट्ट्याची रुंदी. तो जितका अरुंद, तितका कोन बरोबर. अरुंद पट्टा अगदी कडेला पडत असेल, तर दोष रॉकरच्या मापात किंवा स्टडच्या जागेत असतो. पुशरॉड बदलून तो जात नाही.

तयार पुशरॉड बहुधा ०.०५० इंच, म्हणजे १.२७ मिमीच्या टप्प्यांत मिळतात. मागवताना विक्रेता लांबी कुठून कुठवर मोजतो, हे विचारून घ्यायलाच हवं. टोकाच्या गोळीत ऑइलसाठी भोक असतं, तिथे गोळीचा माथा थोडा कापला जातो. त्यामुळे प्रत्यक्ष मोजलेली लांबी आणि पूर्ण गोळी धरून काढलेली लांबी यांत फरक पडतो. इनटेक आणि एक्झॉस्टचे व्हॉल्व्ह वेगवेगळ्या लांबीचे असतील, तर दोन्हीकडे स्वतंत्रपणे मोजायचं. आणि नवा संच आला, की एक पुशरॉड घालून, पुन्हा मार्कर फासून, पुन्हा दोन फेरे.